रात्री साडेअकराची खुर्ची: होस्ट बदलले की प्रेक्षक?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कार्सन, लेटरमन, कोनन यांच्या जुन्या क्लिप पाहिल्या की आजचे अमेरिकन लेट नाइट शो, म्हणजे रात्री उशिराचे विनोदाचे आणि गप्पांचे कार्यक्रम, फिके वाटतात. होस्टच कमी दर्जाचे आले, की लोकांची आवड बदलली? आणि आपल्या वेळेत प्रेक्षकसंख्येत पुढे असलेला स्टीफन कोल्बेअरचा कार्यक्रम बंद करायचा निर्णय सीबीएस या नेटवर्कने कसा काय घेतला?

मी हिंदी आणि मराठी वाहिन्यांच्या प्रोग्रॅमिंग विभागात काम केलं आहे. कुठला कार्यक्रम किती वाजता लावायचा, कशाच्या मागे लावायचा आणि त्याच्या पुढे काय ठेवायचं, हे ठरवणं हेच या विभागाचं काम. त्यामुळे अमेरिकन लेट नाइट मी अनेक वर्षं पाहत आणि अभ्यासत आले ती वेळापत्रक आखणाऱ्याच्या नजरेने. माझं उत्तर म्हणून विनोदापासून नाही, घड्याळापासून सुरू होतं. होस्ट कमअस्सल झाले असं मला अजिबात वाटत नाही. रात्री साडेअकराची ती वेळ मुळात कुठल्याच होस्टच्या मालकीची नव्हती, ती लोकांच्या सवयीची होती. होस्ट बदलला की दर वेळी एकच परीक्षा व्हायची: जुन्या माणसाभोवती जमलेल्या सवयीतला किती भाग नव्या माणसाच्या नावावर होतो? आणि गेल्या पंधरा वर्षांत ती सवयच सुटली. आवड मात्र शिल्लक आहे, ती दुसरीकडे गेली आहे.

हे कळायला अमेरिकेतली एक व्यवस्था समजून घ्यावी लागते. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नेटवर्क आपल्या वाहिन्यांसारखी एका जागेवरून साऱ्या देशात दिसत नाहीत. प्रत्येक शहरात एक स्थानिक स्टेशन असतं आणि बहुतेक स्टेशनांचे मालक वेगळे असतात. ते नेटवर्कशी करार करून त्याचे कार्यक्रम दाखवतात. रात्री अकरा वाजता मात्र स्टेशनची स्वतःची बातमीपत्रं लागतात: गावातला अपघात, शाळेचा निकाल, उद्याचं हवामान, स्थानिक संघाचा सामना. या बातम्यांच्या जाहिरातींचे पैसे स्टेशनच्या खिशात जातात, म्हणून तो अर्धा तास त्यांना जिवापाड प्यारा. बातम्या संपल्या की ११:३५ला नेटवर्कचा लेट नाइट कार्यक्रम सुरू. शिकागो, डॅलस, ह्यूस्टन या मध्य विभागात हे सगळं तासभर आधी. म्हणजे माणूस गावाची खबर घेतो, हवामान ऐकतो, अंथरुणात शिरतो आणि टीव्ही त्याच चॅनलवर चालू राहतो. त्या चालू राहिलेल्या टीव्हीवर जो दिसतो तो होस्ट. आधीच्या कार्यक्रमाकडून मिळणाऱ्या अशा प्रेक्षकाला आम्ही लीड-इन म्हणतो. लेट नाइटचा अर्धा इतिहास लीड-इनचा आहे आणि तो जवळजवळ कुणी सांगत नाही.

पुण्या-मुंबईत बसून आपण हे कार्यक्रम पाहतो तेव्हा हा भाग आपल्याला दिसतच नाही. न्यूयॉर्कला रात्रीचे ११:३५ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे ९:०५ असतात. आपण क्लिप पाहतो ती ऑफिसला जाताना, फोनवर, चार मिनिटांची. दिवस संपवून, दिवा मालवून, अर्धवट झोपेत तासभर एका माणसाच्या सोबतीने जागं राहणं हा अनुभव आपल्या वाट्याला आला नाही. आणि आता खुद्द अमेरिकेतला तरुणही तो कार्यक्रम आपल्यासारखाच पाहतो.

'द टुनाइट शो' एनबीसीवर २७ सप्टेंबर १९५४ला सुरू झाला, स्टीव्ह ॲलन यांच्यासह. नंतर जॅक पार आले. पार भावनाशील माणूस होते. १९६०मध्ये त्यांचा एक विनोद सेन्सॉरने कापला म्हणून ते कार्यक्रम चालू असताना उठून निघून गेले आणि महिनाभराने परतले. त्यांच्या काळात लोक पाहायचे ते आज हा माणूस काय करेल म्हणून. १९६२मध्ये त्यांनी कार्यक्रम सोडला तेव्हा जॉनी कार्सन एबीसीवरच्या एका क्विझ शोच्या करारात अडकलेले होते. सहा महिने एनबीसीने पाहुण्या होस्टांवर गाडा ओढला आणि १ ऑक्टोबर १९६२ला कार्सन आले. सहा महिने होस्टच नाही, तरी ती वेळ टिकली. सवय माणसाहून मोठी असू शकते याचा हा पहिला पुरावा.

कार्सन त्या खुर्चीत जवळपास तीस वर्षं राहिले, २२ मे १९९२पर्यंत. शेवटचा भाग सुमारे पाच कोटी लोकांनी पाहिला. त्यांच्या क्लिप पाहताना आजच्या मुलांना प्रश्न पडतो की यात एवढं काय होतं. उत्तर क्लिपमध्ये सापडायचं नाही. कार्सन यांची ताकद होती आवरून राहण्यात. विनोद पडला तर पडलेल्या विनोदावर ते असा चेहरा करायचे की पडलेलाच जास्त हसवून जायचा. पाहुणा रंगला की ते मागे सरायचे. स्वतःचं राजकीय मत त्यांनी जपून बाजूला ठेवलं, दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांची खिल्ली उडवली. रोज रात्री घरात येणाऱ्या माणसाने कसं वागावं हे त्यांना नेमकं कळलं होतं. आपण ज्याला आवड म्हणतो ती इथे फार साधी होती: या माणसाचा कंटाळा येत नाही. रोजच्या कार्यक्रमात याहून अवघड गुण नाही. ज्यांनी कुणी रोजची मालिका चालवली आहे त्यांना विचारा.

कार्सन यांच्या काळातली एक घटना मला होस्ट बदलण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. १९८०पर्यंत हा कार्यक्रम दीड तासाचा होता. त्या वर्षी कार्सन यांनी नव्या करारात तो एक तासाचा करून घेतला. दीड तासात शेवटचा भाग निवांत असायचा. त्यात लेखक, शास्त्रज्ञ, एखादा विक्षिप्त छांदिष्ट माणूस येऊन बसायचा. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन देशाच्या घराघरात पोहोचले ते बऱ्याच अंशी या सोफ्यामुळे. तास झाल्यावर घट्ट बसला तो ठरावीक साचा: मोनोलॉग (होस्टने सुरुवातीला उभं राहून केलेलं विनोदी भाषण), एक स्किट, नवा चित्रपट घेऊन आलेला नट, दुसरा पाहुणा, गाणं. पुढे सगळ्यांनी हाच साचा उचलला. आज लोक तक्रार करतात की या मुलाखती म्हणजे चित्रपटाची जाहिरात असते. तिचं मूळ माझ्या मते या कापलेल्या अर्ध्या तासात आहे. लोकांची आवड बदलली म्हणून गप्पा आखूड झाल्या नाहीत, गप्पा आखूड झाल्यावर लोकांनी त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणं सोडलं.

नव्या वाटणीतून एक मोठं चांगलंही निघालं. कार्सन यांच्यानंतरच्या वेळेवर त्यांच्या स्वतःच्या निर्मिती संस्थेचा हक्क आला आणि १ फेब्रुवारी १९८२ला तिथे डेव्हिड लेटरमन यांचा 'लेट नाइट' सुरू झाला. पहिले पाहुणे विनोदी नट बिल मरे. कार्सनच्या मंडळींनी अटी घातल्या होत्या: मोनोलॉग छोटा ठेवायचा, शेजारी बसणारा जोडीदार नको, बँडमध्ये कार्सनच्या वाद्यवृंदासारखा ताफा नको, कार्सनचे नेहमीचे पाहुणे नकोत. म्हणजे चाललेल्या दुकानाचा सगळा माल बंद. आता लेटरमन आणि त्यांच्या मुख्य लेखिका मेरिल मार्को यांनी करायचं काय? त्यांनी टीव्हीलाच विषय केलं. कॅमेरा रस्त्यावर नेला, इमारतीवरून वस्तू खाली टाकल्या, माकडाच्या पाठीवर कॅमेरा बांधला. १९८४मध्ये लेटरमन वेल्क्रोचा सूट घालून वेल्क्रोच्या भिंतीवर उडी मारून चिकटले. कॉलेजातली पिढी या कार्यक्रमावर फिदा झाली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे नवी आवड सर्वेक्षणातून शोधलेली नव्हती. जुन्याची नक्कल करायला मनाई होती, म्हणून ती घडवावी लागली.

कार्सन निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना, आणि स्वतः लेटरमन यांनाही, वाटत होतं की खुर्ची त्यांचीच. एनबीसीने ती जे लेनो यांना दिली. लेनो क्लबांमधून अखंड मेहनत करून वर आलेले आणि स्थानिक स्टेशनांच्या मालकांशी जिव्हाळ्याने वागणारे होते. लेटरमन सीबीएसला गेले आणि ३० ऑगस्ट १९९३पासून एड सलिव्हन थिएटरमध्ये 'लेट शो' सुरू झाला. जवळपास दोन वर्षं ते लेनोंच्या पुढे होते. मग १० जुलै १९९५ची रात्र आली. ब्रिटिश नट ह्यू ग्रांट एका बदनाम अटकेनंतर लेनोंच्या कार्यक्रमात आले, लेनोंनी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही हे करताना विचार तरी काय करत होता, आणि त्या दिवसापासून लेनो पुढे गेले. ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगितली जाते.

ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पाहुण्याच्या एका मुलाखतीने एका रात्रीची गर्दी मिळते, सवय लागत नाही. त्या दोन वर्षांत जमिनीखाली काय हललं ते पाहा. डिसेंबर १९९३मध्ये सीबीएसच्या हातून अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचे हक्क फॉक्स या चौथ्या नेटवर्ककडे गेले. १९९४मध्ये न्यू वर्ल्ड या कंपनीने आपली अनेक मोठी स्टेशनं फॉक्सशी जोडली आणि त्यांतली बरीचशी आधी सीबीएसची होती. डेट्रॉइटसारख्या मोठ्या शहरात सीबीएसवर कुणी फारसं न पाहणाऱ्या बासष्ट नंबरच्या चॅनलवर जाऊन बसायची पाळी आली. अटलांटा आणि मिलवॉकीमध्येही जुनं स्टेशन सुटलं. दुसऱ्या बाजूला एनबीसीकडे रात्री दहाला 'ईआर'सारखी प्रचंड चालणारी मालिका होती. तिच्यानंतर स्थानिक बातम्या, बातम्यांनंतर लेनो. लेनोंनी मधल्या काळात आपला सेटही बदलला. १९९४मध्ये मंच प्रेक्षकांच्या अगदी जवळ आणला, क्लबसारखा. ह्यू ग्रांट आले तेव्हा घर आधीच बांधून तयार होतं. होस्टची लोकप्रियता मोजताना त्याच्याआधी काय लागतं आणि तो कोणत्या नंबरवर दिसतो, हे दोन प्रश्न कायम विचारा.

याच काळात आर्सेनियो हॉल यांनी जे केलं त्याला आजही पुरेसं श्रेय मिळत नाही. जानेवारी १९८९पासून त्यांचा कार्यक्रम नेटवर्कशिवाय, स्टेशनांना थेट विकून चालायचा. टेबल नाही, समोर फक्त बैठक. कार्सनच्या सोफ्यावर ज्यांना क्वचित जागा मिळायची ते रॅपर, कृष्णवर्णीय कलाकार, तरुण खेळाडू इथे आपल्या घरी आल्यासारखे येत. जून १९९२मध्ये बिल क्लिंटन यांनी इथेच सॅक्सोफोन वाजवला. म्हणजे एक मोठा प्रेक्षकवर्ग रात्रभर जागा होता, फक्त त्याच्यासाठी कुणी काही लावत नव्हतं. लेटरमन सीबीएसला आल्यावर अनेक स्टेशनांनी आर्सेनियोंना उशिरा ढकललं आणि मे १९९४मध्ये कार्यक्रम संपला. आवड संपली नव्हती, वेळ काढून घेतली गेली.

आता कोनन ओब्रायन. या प्रकरणावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण होस्टबदल कसा करू नये याचा याहून चांगला धडा नाही. कोनन १९९३मध्ये लेटरमन यांच्या सोडलेल्या जागी आले तेव्हा ते लेखक होते, कॅमेऱ्यासमोर त्यांना जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. सुरुवातीला समीक्षकांनी झोडपलं, एनबीसी त्यांना तुटपुंज्या मुदतवाढी देत राहिली. पण मध्यरात्रीनंतरच्या वेळेचा एक फायदा असतो. तिथे अपेक्षा कमी असतात, शिकायला जागा मिळते. दोन-तीन वर्षांत ते फुलले. २००४मध्ये एनबीसीने जाहीर केलं की २००९मध्ये 'द टुनाइट शो' कोननकडे जाईल. म्हणजे पहिल्या क्रमांकावर असलेल्या लेनोंना पाच वर्षं आधी निवृत्तीची तारीख कळवली. कोनन दुसरीकडे जाऊ नयेत ही त्यामागची भीती.

२००९ आलं, लेनो अजूनही पुढे होते आणि एनबीसीला आता तेही दुसरीकडे जायला नको होते. मग कोनन १ जूनला ११:३५ला आले आणि सप्टेंबरपासून लेनोंना रोज रात्री दहाचा कार्यक्रम दिला. मालिकांपेक्षा तो फार स्वस्त पडायचा, हिशोब कागदावर चोख होता. पण दहा वाजता लेनोंचा कार्यक्रम कमी लोक पाहू लागले, त्यामुळे अकराच्या स्थानिक बातम्यांचे प्रेक्षक घटले, स्टेशनांच्या जाहिराती धोक्यात आल्या आणि घसरलेल्या बातम्यांमागून येणारे कोननही घसरले. साखळीतली पहिली कडी सैल केली की पुढच्या सगळ्या सुटतात. स्टेशनांनी बंडाची तयारी केली. जानेवारी २०१०मध्ये एनबीसीने तोडगा काढला: लेनो ११:३५ला अर्धा तास, 'द टुनाइट शो' १२:०५ला. कोनन यांनी १२ जानेवारीला लेखी निवेदन काढून नकार दिला. मध्यरात्रीनंतर लागलेला 'द टुनाइट शो' हा 'द टुनाइट शो' राहत नाही आणि त्याची नासाडी करण्यात मी भाग घेणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २२ जानेवारीला शेवटचा भाग झाला, त्यांना आणि त्यांच्या लोकांना मिळून सुमारे साडेचार कोटी डॉलर देऊन एनबीसीने करार संपवला आणि मार्चमध्ये लेनो परत आले.

कोननला सात-आठ महिने मिळाले. स्वतः कोनन यांना, लेटरमन यांच्या जागी आल्यावर, स्थिरावायला वर्षं लागली होती. मला या निर्णयाचा आजही राग येतो. ११:३५चा प्रेक्षक ही नेटवर्कच्या तिजोरीतली ठेव आहे आणि ती हवी त्या माणसाला हवी तेव्हा देता येते, असं एनबीसीने धरून चाललं होतं. ती तशी हस्तांतरित होत नाही. नव्या माणसाला रोज थोडी थोडी करून ती पुन्हा कमवावी लागते आणि तेवढा काळ आजूबाजूचं काहीही हलवायचं नसतं.

त्या जानेवारीत आणखी एक गोष्ट उघड झाली. हजारो तरुण कोननच्या बाजूने रस्त्यावर आणि इंटरनेटवर उतरले. नंतर त्यांच्या दौऱ्याची तिकिटं भराभर संपली. पण यातले कितीतरी जण रात्री ११:३५ला एनबीसी लावत नव्हते. त्यांना कोनन मनापासून आवडत होते आणि ते कोननना तुकड्यांत, दुसऱ्या दिवशी, लॅपटॉपवर पाहत होते. आवडणं आणि पाहणं यांची फारकत मला पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती इथे. कार्सनच्या काळात या दोन्ही एकच गोष्टी होत्या.

फेब्रुवारी २०१४मध्ये लेनोंच्या जागी जिमी फॅलन आले आणि 'द टुनाइट शो' चार दशकांनंतर पुन्हा न्यूयॉर्कला परतला. फॅलन हे नव्या मोजमापाचे होस्ट. नटांबरोबर खेळ, ओठ हलवून गाण्याच्या स्पर्धा, नकला. प्रत्येक तुकडा सुटा, मागचं-पुढचं माहीत नसलं तरी चालतो. २०१५मध्ये सीबीएसवर मध्यरात्रीनंतरच्या वेळेत जेम्स कॉर्डन आले आणि गाडीत गायकांबरोबर गाणं म्हणायचा त्यांचा उपक्रम जगभर पसरला. गायिका ॲडेलचा भाग कोट्यवधींनी पाहिला, आपल्याकडेही. टीका करणारे म्हणतात की इथे गप्पा मेल्या. मला वाटतं या माणसांनी त्यांना दिलेलं काम उत्तम केलं. पाहुण्याला मोकळं करणं ही होस्टची जुनीच विद्या आहे, फॅलन ती खेळातून साधतात. अडचण वेगळी होती. क्लिप पाहणारा माणूस क्लिपचा चाहता होतो, कार्यक्रमाचा नाही. त्याच्याकडून येणारे पैसे रात्रीच्या जाहिरातीच्या मानाने फार थोडे. एप्रिल २०२३मध्ये कॉर्डन गेले तेव्हा त्यांची जगभर ओळख होती आणि कार्यक्रम तोट्यात असल्याच्या बातम्या होत्या.

स्टीफन कोल्बेअर ८ सप्टेंबर २०१५ला लेटरमन यांच्या जागी आले तेव्हा त्यांचं पहिलं वर्ष कठीण गेलं. आधी ते कॉमेडी सेंट्रल या विनोदी वाहिनीवर नऊ वर्षं एका ढोंगी कडव्या समालोचकाची भूमिका करत होते. मुखवटा काढल्यावर हा माणूस कोण, हे प्रेक्षकाला ठरवता येईना. २०१६मध्ये दोन बदल झाले. क्रिस लिक्ट हे बातम्यांच्या जगातले निर्माते कार्यक्रम चालवायला आले आणि पक्षांच्या अधिवेशनांच्या रात्री त्यांनी थेट प्रक्षेपण केलं. ट्रम्प निवडून आल्यावर २०१७च्या सुरुवातीला कोल्बेअर फॅलन यांच्या पुढे गेले आणि ११:३५च्या शर्यतीत पुढेच राहिले.

यावरून लोक म्हणतात की प्रेक्षकांना राजकारण हवं झालं. मला त्याचा अर्थ जरा वेगळा लागतो. रात्री बातम्या ऐकून अस्वस्थ झालेल्या माणसाला त्याच दिवसाबद्दल बोलणारा कुणीतरी हवा होता. जॉन स्टुअर्ट यांनी १९९९ ते २०१५ 'द डेली शो' या बातम्यांवरच्या विनोदी कार्यक्रमातून ही भूक तयार केली होती. याची किंमतही होती. कार्सन यांच्यासमोर सगळे एकत्र बसायचे कारण ते बाजू घेत नसत. बाजू घेतली की निम्मं घर उठून जातं. ते कुठे गेलं हेही दिसतं: फॉक्स न्यूज या उजव्या विचारांच्या वृत्तवाहिनीवर ग्रेग गटफेल्ड यांचा रोजचा कार्यक्रम २०२१पासून चालतो आणि प्रेक्षकसंख्येत तो नेटवर्कच्या होस्टांच्या पुढे असतो. त्याची वेळ मात्र आधीची, पूर्व किनाऱ्यावर रात्री दहाची, म्हणून आकडे शेजारी ठेवताना घड्याळ विसरू नका.

या कार्यक्रमांच्या कामाची एक बाजू आपल्या रोजच्या मालिका करणाऱ्यांना चटकन कळेल. आपल्याकडे भागांची बँक असते, दहा-पंधरा भाग पुढचे तयार असतात. लेट नाइटला बँक नाही. सकाळी बातम्या वाचायच्या, लेखकांनी ढिगाने विनोद लिहायचे, दुपारी तालमीत त्यातले बहुतेक कापायचे, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग, रात्री प्रक्षेपण. म्हणून २ मे २०२३ला लेखकांचा संप सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी हेच कार्यक्रम थांबले आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. पाच महिने सवय मोडायला पुष्कळ होतात. त्याआधी मार्च २०२० नंतर सगळे होस्ट घरातून बोलत होते, कोल्बेअर तर चक्क बाथटबमध्ये बसून. हशा नव्हता, बँड नव्हता. एनबीसीवर फॅलन यांच्यानंतर येणारे सेथ मायर्स या काळात फार खुलले. सूट-टाय गेला तो कायमचा गेला आणि त्यांचा कार्यक्रम आजही काही जिवाभावाच्या लोकांशी बोलल्यासारखा वाटतो.

आता पैसा. नेटवर्कच्या लेट नाइट कार्यक्रमांचं जाहिरात उत्पन्न २०१८मध्ये सुमारे ४३.९ कोटी डॉलर होतं, २०२४मध्ये ते सुमारे २२ कोटींवर आलं. सहा वर्षांत निम्मं. खर्च मात्र तसाच: मोठं थिएटर, बँड, लेखक, दोनेकशे माणसं. म्हणून २०२४मध्ये फॅलन यांचे नवे भाग आठवड्याला चारवर आले आणि मायर्स यांचा बँड गेला. मला बँड गेल्याचं विशेष वाईट वाटतं. रोजच्या कार्यक्रमात बँड म्हणजे घरातली माणसं असतात, होस्टच्या विनोदावर सर्वांत आधी तीच हसतात.

अशा पार्श्वभूमीवर १७ जुलै २०२५ला सीबीएसने जाहीर केलं की मे २०२६मध्ये 'लेट शो' संपेल आणि कोल्बेअर यांच्या जागी कुणीही येणार नाही. कारण निव्वळ आर्थिक आहे, असं कंपनीने सांगितलं. वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर तोटा, असा आकडा बातम्यांत आला. पण त्याच महिन्यात सीबीएसच्या मालक कंपनीने ट्रम्प यांच्याशी एका दाव्यात १.६ कोटी डॉलरची तडजोड केली होती, कोल्बेअर यांनी घोषणेच्या तीनच दिवस आधी पडद्यावरून तिला लाच म्हटलं होतं, आणि कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी बाकी होती. ती आठवड्याभरात मिळाली. मी वेळापत्रकाच्या बाजूने सांगू शकते ते एवढंच: तोट्यातला कार्यक्रम सावरायचा असेल तर बँड जातो, एक दिवस जातो, थिएटर लहान होतं, मानधन कमी होतं. हे काहीही न करता तेहतीस वर्षांची जागाच काढून टाकणं हा नेहमीचा हिशोब नाही.

दोन महिन्यांनी एबीसीवरचा जिमी किमेल यांचा कार्यक्रम त्यांच्या एका मोनोलॉगवरून थांबवला गेला. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या अध्यक्षांनी उघड दबाव टाकला, नेक्स्टार आणि सिंक्लेअर या स्टेशनमालक कंपन्यांनी आम्ही हा कार्यक्रम दाखवणार नाही असं कळवलं. आठवड्याच्या आत, २३ सप्टेंबरला किमेल परतले आणि जवळपास पाव घरांत कार्यक्रम दिसत नसतानाही साठ लाखांवर लोकांनी तो भाग पाहिला. १९९४मध्ये लेटरमनना मागे खेचणारी, २०१०मध्ये कोननची खुर्ची हलवणारी आणि २०२५मध्ये किमेलना रोखणारी ताकद एकच आहे: शहराशहरातलं स्टेशन. पडद्यावर ती कधी दिसत नाही.

लोकांना गप्पा नकोशा झाल्या का? मुळीच नाही. कोनन यांनी २०१८मध्ये पॉडकास्ट सुरू केला. तिथे पाहुणा तासभर बसतो, विषय भरकटतो, कुणी चित्रपटाची क्लिप दाखवत नाही. टीव्हीवर त्यांना जे मोठेपण मिळता मिळता राहिलं ते तिथे मिळालं. यूट्यूबवर शॉन एव्हन्स तिखट कोंबडी खाऊ घालत नटांना प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न इतके अभ्यासलेले असतात की पाहुणे थक्क होतात. दीड तासाच्या कार्सनमध्ये जे होतं आणि १९८०मध्ये कापलं गेलं, तेच लोक आता कानात घालून ऐकत आहेत. फरक इतकाच की प्रत्येकाचा होस्ट वेगळा आहे, आणि काल रात्री तो काय म्हणाला हे सकाळी शेजाऱ्याला माहीत नसतं.

आपल्याकडे शेखर सुमन यांनी १९९७च्या सुमारास सोनीवर 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्ये हाच साचा आणला: मोनोलॉग, टेबल, बँड. तो चांगला चालला, पण परंपरा उभी राहिली नाही. आपल्या वाहिन्यांवर रात्री अकरानंतर मालिकांचे पुनःप्रक्षेपण लागतं, त्याआधी गावाची बातमी नसते आणि रोज त्याच दिवशी लिहून त्याच दिवशी दाखवायला लागणारी लेखकांची फळी पोसायची तयारी कुणी दाखवली नाही.

पुढे काय होतं ते पाहायचं असेल तर २०२७ आणि २०२८कडे लक्ष ठेवा. किमेल यांचा करार मे २०२७पर्यंत वाढवलेला आहे, फॅलन आणि मायर्स यांचे २०२८पर्यंत. नवीन होस्ट जाहीर झाला तर त्याचे विनोद पहिल्या महिन्यात तपासू नका, कुणाचेच तेव्हा चांगले नव्हते. त्याला किती वर्षांचा करार मिळाला, आठवड्याला किती रात्री मिळाल्या, लेखक किती ठेवले, हे वाचा. आणि होस्टचं नाव न येता ती वेळ स्थानिक स्टेशनांना परत दिल्याची बातमी आली, तर त्या खुर्चीसाठी नवा माणूस शोधणं त्या नेटवर्कने थांबवलं आहे असं समजा.